पाहणीच्या दिवशी गल्ली बंद होती

४ जून

मामा,

तुम्हाला आणि मामीला नमस्कार. फोन करण्यात अर्थ नाही. तुम्ही पलीकडून नुसते "बरं बरं" म्हणत राहता आणि मागून मामी सांगते की त्यांना एक अक्षर ऐकू आलं नाही. जन्मभर पत्रा ठोकलेल्या माणसाशी पत्रानेच बोललेलं बरं.

बातमी मोठी आहे. आमच्या नगररचना कार्यालयाने यंदा जी जुनी वस्ती निवडली आहे ती आपली. घाबरू नका, पाडापाडी अजिबात नाही. उलट आमचे मोठे साहेब म्हणतात, नव्या वसाहती पुष्कळ उभ्या केल्या, आता जुन्या सावरायच्या. गटारं नीट करायची, दिवे लावायचे, खचलेल्या भिंतींना आधार द्यायचा, सोडून गेलेली माणसं परत आणायची. आणि जिथे जे चालू आहे ते टिकवायचं. आपल्या गल्लीसारखं घर वर आणि कामाचा गाळा खाली, अशा जागांना नकाशात जांभळा रंग मिळणार. जांभळा लागला की तुमचं काम कुणी हलवू शकत नाही. ज्या जागी नुसती वस्ती तिथे पिवळा. पिवळ्यात हातोडा चालत नाही.

म्हणजे तुम्ही शेवटपर्यंत तिथेच ठोकत बसणार, आणि मामी शेवटपर्यंत वरून ओरडत राहणार.

पाहणी करणारे लोक येत्या मंगळवारी आपल्या गल्लीत येतील. हे मी तुम्हाला सांगायला नको होतं, तुमच्यापाशीच ठेवा. आमचीच माणसं आहेत, चांगली आहेत. त्यांना नीट बघू द्या.

तुमची टिकली

२० जून

टिकले, सुखी राहा.

तुझं पत्र वाचून तुझी मामी रडली आणि मग मला म्हणाली, रडत नाहीये, कांदा चिरतेय. हातात कांदा नव्हता. आईविना पोर गाळ्यात पत्र्याच्या चकत्या वेचत वाढली, त्या पोरीने आज आपल्या गल्लीवर छत्र धरलं, असं ती सगळ्यांना सांगत फिरली. आता तू म्हणालीस माझ्यापाशीच ठेव, पण गल्लीत गुपित ठेवायचं म्हणजे चाळणीत पाणी. शेजारच्या वेल्डरला तेवढं सांगितलं. पुढचं त्याने सांगितलं.

पाहणीचा दिवस असा झाला की तुझी मान खाली जाणार नाही. गल्लीचा रिवाज तुला ठाऊक आहे. कुणाकडे पाहुणा आला, कुणी आजारी पडलं, की सगळे हातोडे खाली. माणूस माणसाशी बोलू शकला पाहिजे. तुझी माणसं म्हणजे तर गल्लीचेच पाहुणे. आदल्या दिवशी सगळ्यांनी गाळे आवरले, रस्ता धुतला, भंगार मागच्या बोळात नेऊन झाकलं. मंगळवारी सकाळपासून एकजात सगळी शटरं खाली. मी धुतलेला सदरा घालून वरच्या कठड्याशी बसलो. वेल्डरने तर केस विंचरले, मी ओळखलंच नाही त्याला.

दोन मुली आणि एक पोरगा आले, हातात कागद लावलेल्या फळ्या, गळ्यात ओळखपत्रं. फार अदबशीर. पाणी प्यायले. त्यांनी वेल्डरला काहीतरी विचारलं, ते त्याने मला हाताने सांगितलं. इथे कामाचा आवाज, धूर, काही त्रास आहे का, असं विचारत होते. वेल्डर म्हणाला, छे हो, ही गल्ली देवळासारखी शांत आहे, इथे कुणाला कसला त्रास नाही. कुलपं बनवणारी आपली काकू त्याच्या वरताण. ती म्हणाली, आवाज ऐकायचा तर तुम्हाला पलीकडच्या बाजारात जावं लागेल.

आवाजाची तक्रार करायला कुणाला एक कारण मिळालं नाही बघ. झाकली मूठ सव्वा लाखाची. आता तो जांभळा रंग केव्हा लागतो ते कळव.

तुझा मामा

९ सप्टेंबर

मामा,

मला खरं सांगा. कधी बंद झालं?

आज नकाशा जाहीर झाला. आपली गल्ली या टोकापासून त्या टोकापर्यंत पिवळी आहे. पाहणीच्या कागदावर प्रत्येक घरापुढे एकच शेरा आहे: खालचा गाळा बंद, वापर संपलेला. तुमच्या घरापुढेही. वेल्डरकाकांच्याही.

तुमचं जूनचं पत्र मी वरवर वाचलं होतं, हे कबूल करते. नकाशा बघून मला वाटलं, काम कधीच बसलं असणार आणि तुम्ही माझ्यापासून लपवलं. मी काळजी करीन म्हणून. दर पत्रात "काम चालू आहे" लिहीत राहिलात. मामी तरी सांगेल असं वाटलं होतं. जेवत तरी आहात ना नीट दोघं?

मग मघाशी ते जूनचं पत्र पुन्हा काढलं. मामा, त्या दिवशी तुम्ही शटरं पाडलीत ती फक्त पाहुण्यांसाठी?

टिकली

१५ सप्टेंबर

टिकले,

हो. पाहुण्यांसाठी.

तुझं पत्र आलं तेव्हा मी एका धुराड्याचा सांधा डागत होतो. ते अर्धवट राहिलं. मामीने पत्र मोठ्याने वाचलं, मी तिच्या ओठांकडे बघत होतो, आणि मध्येच तिचे ओठ थांबले.

गल्लीत एकही गाळा बंद नाही, पोरी. कालही नव्हता, आजही नाही. आता ही ओळ लिहितोय तर खालची फरशी पायांना कापताना जाणवतेय, म्हणजे वेल्डरचं यंत्र चालू आहे. सगळं वर्ष आम्ही घणघणाट करतो, एक दिवस माणुसकी म्हणून गप्प बसलो, आणि तुमच्या पोरांनी तोच एक दिवस खरा धरला. आपल्या हाताने आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला, आणि तोही धुऊन पुसून.

गल्लीत सगळ्यांना कळलंय. काकू म्हणाली, मी बोलले ते परत घेते, लिहून घ्या म्हणावं की आवाज फार आहे, कान किटतात. तिला हसू येईना आणि रडूही येईना. वेल्डर म्हणतो, सोपं आहे, कार्यालयात जाऊ, सांगू की दादा, तुम्ही येणार म्हणून बंद ठेवलं होतं, आता या आणि बघा. मलाही तसंच वाटतं. खऱ्याला काय भ्यायचं?

तू काय म्हणतेस ते लवकर कळव. ताकाला जाऊन भांडं लपवू नकोस.

मामा

२३ सप्टेंबर

मामा,

इतकं सोपं असतं तर मी स्वतःच धावत गेले असते.

आता काम चालू आहे हे दाखवून उपयोग नाही. मागच्या वर्षी एका वस्तीत लोकांना पाहणीचा सुगावा लागला, आणि त्यांनी भाड्याने यंत्रं आणून रिकाम्या गाळ्यांत मांडली. सगळा नकाशा चुकला. तेव्हापासून पाहणीची तारीख कुणालाही सांगायची नाही असा सक्त नियम आहे, आणि पाहणीनंतर जे सुरू झालेलं दिसेल ते नाटक समजायचं. म्हणजे साहेब गल्लीत आले आणि त्यांनी हातोडे ऐकले, तरी म्हणतील, काल सुरू केलेत.

तुम्ही हरकत द्या. सुनावणी होईल. तिथे साहेब एकच गोष्ट विचारतील: सगळी गल्ली त्याच दिवशी बंद कशी? तुम्ही म्हणाल, पाहुणे येणार होते. ते विचारतील, पाहुणे येणार हे तुम्हाला कुणी सांगितलं?

ते सांगितलंत तर कदाचित ते ऐकतील. पुन्हा पाहणी करतील. माझी नोकरी अजून पक्की झालेली नाही, ती जाईल, आणि नियम मोडलेल्या मुलीला दुसरं कुठलंही कार्यालय दारात उभं करणार नाही. मी या गल्लीची आहे हेही इथे कुणाला माहीत नाही. तेही मी सांगायला हवं होतं.

माझं नाव घेऊ नका असं मी म्हणत नाही. घ्या असंही माझ्याने लिहवत नाही. तुम्ही ठरवा. मी सुनावणीला साहेबांच्या मागे टिपणं घ्यायला बसलेली असेन.

टिकली

१७ ऑक्टोबर

टिकले,

सुनावणीहून आल्यापासून तू जेवली नसशील, म्हणून हे आधी लिहितो: जेव.

आता मी काय केलं ते माझ्या तोंडून ऐक, म्हणजे मनात दुसरं काही धरणार नाहीस. हरकत माझ्या नावाने होती, म्हणून बोलायचं मीच, असं मी वेल्डरकडून आधी कबूल करून घेतलं होतं. तो माझा कान म्हणून शेजारी उभा होता. साहेब माणूस वाईट नाही. डोळ्यांत डोळे घालून बोलत होता, मला कळावं म्हणून सावकाश ओठ हलवत होता. त्याने विचारलं, काम चालू होतं तर सगळ्यांनी एकाच दिवशी का थांबवलं? मी सांगितलं, पाहुणे येणार होते. मग त्याने तेच विचारलं जे तू लिहिलं होतंस. वेल्डरने हाताने मला सांगितलं, पण गरज नव्हती, मला ओठांवरच कळलं.

मी म्हणालो, ते सांगता येणार नाही.

साहेब पुढे वाकला. म्हणाला, आजोबा, मग मी मानू कसं?

त्या वेळी वेल्डर तोंड उघडत होता. मी त्याचं मनगट धरलं. आणि समोर बघतो तर तू खुर्चीवरून उठत होतीस. तुझा चेहरा लहानपणी ताप यायचा तसा झाला होता. तेव्हा मी दुसऱ्या हाताने तुला खूण केली. ऐरणीवर पत्रा धरणाऱ्याला, घाव घालायच्या आधी आम्ही करतो ती. हात काढ. तू ती विसरली नव्हतीस. बसलीस.

बरं केलंस. गल्ली मरायचीच असली तर तुझ्याने ती जगणार नाही, आणि जगायची असली तर जगेल. तू मात्र एकदाच घडली आहेस. वेल्डरनेही तुला खांद्यावर खेळवलंय, तो बोलणार नाही. गल्लीत सगळे ठीक आहेत. कुणी काही म्हणत नाही.

मामा

१२ जानेवारी

मामा,

तुमच्या मागच्या पत्राला उत्तर द्यायला इतके दिवस लागले, कारण दर वेळी पहिलीच ओळ खोटी वाटायची.

योजना मंजूर झाली. पिवळा रंग तसाच राहिला. उन्हाळ्याच्या आत सगळे गाळे रिकामे करायचे, कामं शहराबाहेरच्या शेडमध्ये न्यायची, खाली राहायच्या खोल्या करायच्या.

मंजुरीच्या दुसऱ्या दिवशी मी साहेबांच्या खोलीत गेले आणि सगळं सांगितलं. मी कुणाची, तारीख कुणी कळवली, गल्ली का बंद होती. तुम्ही माझा हात काढून घेतलात, पण मला तो तिथे ठेवायचा होता. साहेबांनी उठून दार लावलं. ते चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, आता हे उघडलं तर सगळ्या वस्तीच्या हरकती उघडतील. मंजुरीच्या भरवशावर गटारं खणून झाली आहेत, भिंतींना टेकू लागले आहेत, ती सगळी घरं तशीच अर्धी राहतील. एका गल्लीसाठी तुम्हाला ते हवंय का? मी दाराकडे वळले. तेव्हा ते म्हणाले, "तुम्ही हे मला सांगितलं नाहीत आणि मी ऐकलं नाही."

गेल्या आठवड्यात माझी नोकरी पक्की झाली. पेढे वाटायला हवे होते, पण मी कुणाला सांगितलंही नाही.

मला तिथे यायचं आहे. गल्लीच्या मधोमध उभं राहून सगळ्यांना सांगायचं आहे की मामांचा दोष नाही. तुम्ही लिहिलंत, कुणी काही म्हणत नाही. ते खरं आहे का?

टिकली

२ फेब्रुवारी

टिकले,

ते खरंच आहे. कुणी काही म्हणत नाही. अजिबातच म्हणत नाही.

तू विचारलंस म्हणून सांगतो, नाहीतर हे मी गिळून टाकलं होतं. आपल्या गल्लीत घणांच्या आवाजात तोंडाने बोलणं कधीच नव्हतं, सगळं हातानेच. म्हणून मला बहिरेपण असं कधी जाणवलंच नाही. बाहेर मी बहिरा, गल्लीत सगळ्यांसारखा. सुनावणीनंतर माझ्याकडे कुणी हात उचलला नाही. मी खालून गेलो की काकू कुलपावर मान घालायची. वेल्डर तर समोरासमोर आला तरी दोन्ही हात खिशात घालतो. त्याने वचन पाळलं, तुझं नाव निघू दिलं नाही. पण मला म्हणाला, शेवटचं म्हणाला ते, तोंडाने म्हणाला, ओठ मोठे करून, म्हणजे मला नीट कळावं: तुझी एक पोर वाचली, आमच्या सगळ्यांची पोरं काय करतील?



निम्मे गाळे गेले. वेल्डरने यंत्र टेम्पोत चढवलं, शेड इतकी लांब आहे की पहाटे निघतो आणि अंधार पडल्यावर येतो. काकू गेलीच नाही, म्हणाली या वयात बसचे धक्के खायचे तर हाडं त्याच शेडमध्ये वेल्ड करून घ्यावी लागतील. तिने कुलपं सोडली. तिच्या गाळ्यात रंग देऊन झाला, खिडकी बसवली. गल्ली दिसते मात्र झकास, खोटं कशाला बोलू. दिवे लागले, गटाराचा वास गेला. तुझ्या साहेबाने जे म्हटलं ते सगळं केलं.

तू येऊ नकोस. आता राग एका घरावर आहे, तू आलीस की तुझ्यावर येईल, आणि माझ्यावरचा तर काही कमी होणार नाही. इथे माझं म्हणशील तर शेडला मी गेलो नाही, शटर ओढून घेतो आणि आतून थोडं थोडं काम करतो. हातोड्याच्या तोंडाला चामडं बांधलंय. मामी बाहेर जाऊन ऐकून आली, म्हणाली काही ऐकू येत नाही. छपराच्या पन्हाळ्या, डबे असलं काही जुनी गिऱ्हाइकं मागच्या बोळातून येऊन घेऊन जातात. हातांना काम मिळालं की माणूस जगतो.

मामा

१८ मे

मामा,

हे पत्र मी तीनदा फाडलं. चौथ्यांदा जे लिहिलं जाईल ते पाठवणार आहे.

वेल्डरकाकांच्या गाळ्यात जे नवीन कुटुंब राहायला आलं आहे त्यांची तक्रार आली आहे. शेजारच्या बंद शटरमागे दिवसभर ठोकण्याचा आवाज येतो, त्यांचं तान्हं बाळ दचकून उठतं, ही जागा फक्त राहण्यासाठी आहे असं सांगूनच त्यांना घर मिळालं होतं. त्यांचं काही चुकलं नाही. पिवळ्या भागातल्या तक्रारी आता माझ्या टेबलावर येतात. साहेबांनीच ते काम मला दिलं.

मी कारवाई केली नाही तर आठवड्याभराने दुसरं कुणी माणसं घेऊन येईल, ऐरण, कातऱ्या, सगळं उचलून नेतील. तुमच्या अंगावर कुणी हात टाकू नये म्हणून मी आधी लिहिते आहे.

मामा, चामड्याने आवाज थांबत नाही. तो बाहेर ऐकू येतो. आधीपासून येत होता.

काम थांबवा. तुम्हाला हे सांगायची पाळी माझ्यावर यावी.

टिकली

२४ मे

टिकले, सुखी राहा.

पत्र पोचलं. हातोडा खाली ठेवला. तू लिहिलंस ते बरं केलंस, परक्याने येऊन दार वाजवण्यापेक्षा आपल्या माणसाने सांगितलेलं सोसतं.

मी मामीला विचारलं, तू तर म्हणाली होतीस बाहेर काही ऐकू येत नाही. ती बराच वेळ पदराशी चाळा करत राहिली. मग म्हणाली, पहिल्याच दिवशी कोपऱ्यापर्यंत ऐकू येत होतं. पण तुम्ही इतक्या दिवसांनी जेवण मागून घेतलंत, मी कशी सांगू? तिला मी काही बोललो नाही. तूही पत्रात काही लिहू नकोस.

त्या बाळाच्या आईला मी जिन्यापाशी भेटलो. मला त्या लेकराचं रडणं कधी कळलंच नाही, माझ्या एका घावासरशी ते रोज दचकत होतं. मी हात जोडले. तिला वाटलं मी पैसे मागतोय, तिने पिशवीत हात घातला. मी घाईने वर आलो.

ऐरण जड आहे म्हणून तेवढी खाली आहे. बाकी हत्यारं भंगारवाला नेईल. खालची खोली एका शिकणाऱ्या मुलाला भाड्याने द्यायची असं ठरतंय. सकाळी जाग येते तेव्हा हात आपोआप उघडमीट करतात. त्यांना अजून कुणी सांगितलेलं नाही.

तू मनाला लावून घेऊ नकोस, आणि जेवण टाळू नकोस. एवढं मात्र झालं, बाळ, की तुझ्या नकाशात आता काही चूक उरली नाही.

तुझा मामा